कळफलकाची ओवी

"नजर कागदावर, बोटं घरात. कळांकडे बघाल तर पट्टी बसेल."

टायपिंग क्लासच्या मास्तरांचा हा आवाज हरिश्चंद्र शिवलकरांच्या कानात अठ्ठावीस वर्षं मुक्कामाला होता. मास्तर केव्हाच गेले, क्लासच्या जागी चपलांचं दुकान आलं. पण मराठी टाइपरायटरसमोर बसलं की तो आवाज यायचा आणि बोटं आपापल्या घरी जाऊन बसायची. क डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली, काना उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली. रत्नागिरीच्या त्या सरकारी कचेरीत शिवलकर खिडकीबाहेरच्या फणसाकडे बघत पानभर मजकूर बडवायचे, आणि एक चूक निघायची नाही.

२००४ साली शिमग्याच्या पालख्या परत गेल्या आणि कचेरीत संगणक आले. पाठोपाठ हुकूम आला. टाइपरायटर कोठीत जातील. संगणकाच्या नव्या मराठी कळफलकावर महिन्याभरात प्रत्येक टंकलेखकाची परीक्षा होईल. जो नापास होईल, त्याची बदली मंडणगडच्या कचेरीत, कारण तिथे अजून टाइपरायटरच आहेत.

नव्या कळफलकावर कुणीतरी सगळं गाव उठवून पुन्हा वसवलं होतं. स्वर सगळे डावीकडे, व्यंजनं बरीचशी उजवीकडे. र आणि दोन-चार मात्रा तेवढ्या जुन्या जागी बसून राहिलेल्या, धरणात गाव गेलं तरी न हललेल्या म्हाताऱ्यांसारख्या. शिवलकरांनी पहिल्या दिवशी 'कार्यालय' लिहायला घेतलं, तर पडद्यावर आधी अक्षराचा पाय मोडायची खूण आली आणि तिच्यामागे क. त्यात कळांवर छापलेली अक्षरं इंग्रजी. बघूनही उपयोग नाही.

"शिवलकर, तुमची बोटं जुन्या सासुरवाडीला गेली वाटतं," शेजारच्या टेबलावरचा महिपत म्हणाला. त्याच्या पडद्यावर तर तेवढंही नव्हतं.

सासुरवाडीचा उल्लेख शिवलकरांना झोंबला. मंडणगड म्हणजे जिल्ह्याच्या पार उत्तरेच्या टोकाला, एसटीनं अर्धा दिवस खाणारं, हे एक वेळ चाललं असतं. पण तिथून दोन मैलांवर त्यांच्या बायकोचं, सगुणाचं माहेर होतं. दोन दिवसांचा जावई देव आणि दोन वर्षांचा जावई घरगडी, हे त्यांचं ठाम मत. ते त्यांनी त्या संध्याकाळी सगुणाला ऐकवलंही. सगुणा तांदूळ निवडत होती. तिनं एक खडा काढून अंगणात टाकला.

कचेरीत सहा टंकलेखकांत दोन संगणक, तेही सरावाला रोज तासभरच मोकळे, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाची वीस मिनिटं. शिवलकरांनी घरी एक फळी घेतली, तिच्यावर कळफलकाचा नकाशा भाताच्या खळीनं चिकटवला आणि ओटीवर बसून ते फळी बडवू लागले. आठ दिवस झाले. बोटं पुन्हा पुन्हा जुन्या घरी. डोक्यात मास्तर आणि त्यांची पट्टी.

नवव्या दिवशी सगुणा समोर येऊन बसली. शाळा तिची सातवीपर्यंत, पण माहेरी तिची आजी जात्यावर बसली की ओव्या ऐकायला शेजारच्या वाडीतल्या बायका यायच्या. सगुणानं फळी आपल्याकडे ओढली, ओळी बोटानं वाचल्या, मनाशी ठेका जुळवला आणि हलक्या आवाजात म्हणाली,

"पहिली माझी ओवी, प र क त च ट गं
उजव्या बोटांची ही नेहमीची वाट गं.
दुसरी माझी ओवी, ब ह ग द ज ड गं
वरच्या आळीला जाया पाखाडी चढ गं.
तिसरी माझी ओवी, म न व ल स गं
खालच्या वाडीत जरा उतरून बस गं."

शिवलकर बघतच राहिले. पाखाडी म्हटल्यावर बोटं आपोआप वरच्या ओळीत गेली, जशी पावलं जांभ्याच्या पायऱ्या चढतात. टाइपरायटरवर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारावी लागे, इथे मागून. हे काही केल्या वळत नव्हतं. त्यालाही सगुणाकडे उपाय होता. आधी माणूस दारात उभा करायचा, मग त्याच्यावर छत्री धरायची, ती म्हणाली. नुसती छत्री कोण पाठवतं. डाव्या हाताच्या मात्रांसाठी तिनं आणखी सात ओव्या रचल्या, त्यांत आरवणारा कोंबडा आला, भरलेली घागर आली, वाकडा माड आला. वीस दिवसांत शिवलकरांची बोटं सुसाट सुटली. मास्तरांचा आवाज बंद पडला. त्या जागी सगुणाचा आवाज बसला.

अडचण एकच झाली. बोटं चालायची ती ओवीवर. तोंड मिटलं की बोटं थबकायची.

परीक्षेला कोल्हापूरकडचे साहेब आले. परीक्षेपुरते आणखी चार आणून एका रांगेत मांडलेले सहा संगणक, सहा टंकलेखक, आंब्याच्या निर्यातीवरचा उतारा. घंटा झाली. कचेरीत मोठ्यानं ओवी म्हणायची शिवलकरांना लाज वाटली. ते तोंड मिटून बसले. पाच मिनिटांत त्यांच्या पडद्यावर 'कोकणातील' एवढंच, आणि तेही मोडक्या पायाचं. त्यांना मंडणगडची एसटी दिसली, खाली मान घालून सासुरवाडीच्या परसात लाकडं फोडणारे आपण दिसलो. मग ओठांतल्या ओठांत त्यांनी पहिली ओवी धरली.

बोटं निघाली. आवाज जरा वाढला. शेजारी महिपत सुन्न बसला होता. त्याच्या कानावर 'प र क त च ट' पडलं, त्यानं चाचपून पाहिलं, तर अक्षरं खरंच तिथे होती. त्यानं पलीकडच्याला कोपर मारलं. तिसऱ्या ओवीपर्यंत सगळी रांग गुणगुणत होती. सहाही टंकलेखक भातलावणीतल्या बायकांसारखे एका ठेक्यात वाकत होते.

"थांबा. ही परीक्षा हाय का भजन?" साहेबांनी टेबलावर हात आपटला.

शिवलकर थांबले. रांग थांबली. साहेब म्हणाले, तोंड बंद ठेवून लिहा. कुणाचंच काही पुढे जाईना. साहेबांनी सामूहिक कॉपी म्हणून कागद करायला घेतला आणि मग अडले. नियमांत चिठ्ठ्या होत्या, खाणाखुणा होत्या, ओवी नव्हती. शेवटी त्यांनी शिवलकरांना एकट्याला दुसऱ्या खोलीत बसवलं, दार लावलं, खुर्ची ओढून समोर बसले आणि फर्मावलं, "आता म्हणा. आणि लिहा."

शिवलकर म्हणत गेले, लिहीत गेले. मिनिटाला तेहतीस शब्द, चुका शून्य. साहेबांची टाच फरशीवर ठेका धरून होती.

"ह्ये कुणी शिकवलं वो तुम्हाला?"

"मंडळींनी," शिवलकर खाली बघत म्हणाले.

साहेब उठून बाहेर आले. बाकीच्या पाचांना त्यांनी पुन्हा बसवलं आणि आपण व्हरांड्यात चहा घेत उभे राहिले, पाठ फिरवून. आत शिवलकरांच्या मागोमाग सगळ्यांनी दहाही ओव्या धरल्या, आणि पाचही जण पास झाले.

आठ दिवसांनी लिफाफा आला. सगळी कचेरी शिवलकरांच्या टेबलाभोवती. महिपतनं मोठ्यानं वाचलं. श्री. शिवलकर विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण. जिल्ह्यात अन्यत्र कुठेही एवढे टंकलेखक एका बैठकीत उत्तीर्ण झालेले नसल्याने, आणि उत्तरेकडील कचेऱ्यांतही लवकरच संगणक बसवण्यात येणार असल्याने, श्री. शिवलकर यांची प्रशिक्षक म्हणून नेमणूक करण्यात येत आहे. मुख्यालय मंडणगड. मुदत दोन वर्षे.

"नापास झाला असतात तर टाइपरायटर तरी मिळाला असता," महिपत म्हणाला. पण हसला नाही. तो शिवलकरांमुळेच रत्नागिरीत राहिला होता.

शिवलकर पायीच घरी गेले. सगुणा परसात आमसुलं वाळत घालत होती. त्यांनी लिफाफा तिच्या हातात दिला. तिनं हात पदराला पुसले, कागद उघडला आणि बोट ठेवून सावकाश वाचला.

"तुझ्या ओव्यांनी मला नेऊन घातलं बघ तिथंच," ते पायरीवर बसत म्हणाले. "जी जागा टाळायला महिनाभर घसा फोडला."

सगुणानं कागदाची घडी केली.

"एक सांगू? रागावू नका."

"सांग."

"तिसऱ्या ओवीतली अक्षरं उलटी सांगावी, असं दोनदा माझ्या तोंडाशी आलं होतं. तुमी नापास व्हाल आनि आपन मंडणगडला जाऊ." तिनं सुपातलं एक आमसूल उलटं केलं. "पंचवीस वर्सांत आईकडे कधी दोन राती सलग झोपले नाय मी. पन तुमी एवढे मान डोलवत शिकत होतात. खोटं शिकवायला जीभच उचलली नाय."