कोटामागच्या गाई

"मातायूरवर जरा फिरून येतो," असं घरी सांगून गाश्पेर निघाला. फिरायला कसला, मातायूरचा डोंगर ओलांडून तो सीमेपलीकडे इटलीत, नाद्याच्या बापाकडे तिला मागायला चालला होता. बापाचं नाव बेपी. बाराला जेवायला ये, उशीर झाला तर तसाच परत जा, असा त्याचा निरोप होता. बाहेर गार वारा सुटलेला, म्हणून गाश्पेरनं खुंटीवरचा बाबांचा कोट चढवला आणि तिथंच घोळ झाला. त्या कोटाच्या खिशांतून बाबा पंधरा वर्षं गाईंना मीठ नेत होते. गाश्पेर पडला टपाल कचेरीत शिक्के मारणारा, त्याला काय माहीत.

कुरणात पहिली आली शेका, बाबांची पुढारी गाय. तिनं खिसा चाटला. मग उरलेल्या दहा आल्या. हा भरभर चालला, त्याही भरभर चालल्या. हा पळाला, तर अकराच्या अकरा घंटा खणखणत पळाल्या.

शिखरावर काही मंडळी पाव-चीज खात लांबवरचा समुद्र बघत बसली होती. एका बाईनं विचारलं, "तुमच्या का या?"

"छे हो, ओळखतही नाही," गाश्पेर म्हणाला. शेका त्याची बाही चघळत होती.

त्यानं खिसे उलटे करून मीठ फेकलं. पण कापडच खारट झालेलं. कोट काढावा, तर आतला इस्त्रीचा शर्ट घामानं निथळत होता, आणि गाईंना घामही मिठाइतकाच प्यारा. परत फिरावं, तर बाराला वीस मिनिटं कमी. उतरला तसाच. बेपीचं कापणीला आलेलं गवत मधे होतं, अकराजणी त्यातूनच उतरल्या.

बेपी अंगणात उभा होता. "मुलगी मागायला आलास, का माझं गवत संपवायला?"

"काका, ते या कोटामुळं…"

"बाबा, वेळेवर तरी आलाय ना," नाद्या म्हणाली.

तेवढ्यात बेपीच्या स्वतःच्या चार गाई कुंपण मोडून आल्या आणि गाश्पेरला चिकटल्या.

"चाळीस वर्षं यांच्या आया-आज्यांना हाका मारतोय," बेपी म्हणाला. "एक मान वर करत नाही. काढ तो कोट."

गाश्पेरनं काढला. बेपीनं अंगात घातला.

"तुझ्या अकरा पोचवून येतो. तुझं काय ते आल्यावर बघू. तोवर जेवणाला हात लावायचा नाही."

तो पंधरा गाई मागं घेऊन चढाला लागला, आणि हे दोघं लगेच जेवायला बसले.

चारला, दोघं उरलंसुरलं संपवत असताना, गाश्पेरच्या बाबांचा फोन आला. "अरे, पलीकडचा एक माणूस आपल्या गाई घेऊन आलाय. कोट माझाच घातलाय, ते विचारायचं राहिलं. पण गुरांची काय जाण आहे रे. पंधरा गाई, कुत्रा नाही, काठी नाही. जेवायला बसवलं, दोन पेले झाले. लग्नाची मुलगी आहे म्हणाले, तर मी तुझं नाव टाकलं. ते म्हणाले, तुम्ही म्हणताय तर चालेल. तुला न विचारताच शब्द देऊन बसलो बघ. रागावू नकोस."

फोनला नाद्याचाही कान लागला होता. गाश्पेरनं तोंडातला घास सावकाश गिळला.

"आता दिलाच आहे शब्द, तर मी काय बोलणार, बाबा."