तबकडी पाहायला आलेले पाहुणे

उडत्या तबकड्या उडत नाहीत, पडतात, असं श्रीनिवासचं ठाम मत होतं. पिपरी मेघेतल्या निम्म्या लोकांना त्याने ते ऐकवून झालं होतं. उरलेले निम्मे त्याला लांबून पाहूनच रस्ता बदलायचे. वर्ध्याच्या एका कॉलेजात तो भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होता. वय अडतीस, लग्न नाही, आणि डोक्यात अष्टौप्रहर गुरुत्वाकर्षण.

त्याचं म्हणणं साधं होतं. तबकडीला पंख नाहीत, मागे धूर नाही, मग ती चालते कशी? तर ती स्वतःच्या पुढ्यात स्वतःचं गुरुत्व तयार करते आणि त्या दिशेने पडत राहते. म्हणूनच ती कितीही गर्रकन वळली तरी आत बसलेल्या पाहुण्यांना धक्का लागत नाही. परग्रहावरच्या मंडळींना तो लाडाने 'पाहुणे' म्हणायचा. पुढचा सगळा घोळ या एका शब्दाने केला.

हा सिद्धांत शेवटपर्यंत ऐकून घेणारी एकच व्यक्ती त्याला भेटली. कॉलेजच्या लायब्ररीतली लीना. ऐकून झाल्यावर तिने विचारलं होतं, "म्हणजे ते सारखे कशाकडे तरी ओढले जातात, आणि पोचत कधीच नाहीत?"

"पोचले तर थांबतीन नं मॅडम," श्रीनिवास म्हणाला, आणि त्या रात्री त्याला झोप लागली नाही.

तेव्हापासून तो लायब्ररीत जायला कारणं शोधायचा. मधमाशीपालन, शिवणकाम, रोमन कायदा, हाताला लागेल ते पुस्तक न्यायचा आणि परत करायला आणायचा. त्याला लीना हवी होती. एवढी साधी गोष्ट होती, पण ती काउंटरपलीकडे पोचवायची कशी, याचा सिद्धांत त्याच्याजवळ नव्हता. आणि आता लीनाला नागपूरला नोकरी लागली होती. महिना संपला की ती जाणार होती.

शेवटी त्याने बेत आखला. तबकडीचं मॉडेल तयार करायचं, लीनाला घरी बोलवायचं, आणि तबकडी वर उचलली गेली की त्या आनंदात मनातलं बोलून टाकायचं. माणूस हवेत असलेल्या वस्तूकडे बघत असला की त्याला बोलणं सोपं जातं, असा त्याचा हिशोब.

"मॅडम, रविवारी संध्याकाळी घरी या," तो काउंटरवर म्हणाला. "पाहुणे म्हणून."

लीनाच्या हातातला शिक्का हवेतच थांबला. "घरी? आई आहेत?"

"आहे नं. हिंगणघाटचे मामा बी येतीन बहुतेक."

"बरं," लीना म्हणाली आणि तिने पुस्तकावर तारखेचा शिक्का उलटा मारला. "मग निशांतले घेऊन येते. माझा भाऊ."

"आणा नं. जितके जास्त लोक, तितका प्रयोग चांगला."

घरी येऊन त्याने आईला सांगितलं, "आई, रविवारी पाहुणे येऊन राह्यले. लायब्ररीतल्या लीना मॅडम अन् त्यायचा भाऊ."

आता लग्नाच्या मुलाची आई 'पाहुणे' या शब्दाचा काय अर्थ घेते, हे काय सांगायला पाहिजे? विमलाबाईंनी एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी पडदे धुवायला काढले, हिंगणघाटला भावाला 'नक्की ये' म्हणून फोन लावला आणि पोह्यांसाठी शेंगदाणे निवडायला बसल्या. आईला शेवटी विज्ञानाची गोडी लागली, असं वाटून श्रीनिवासला भरून आलं. त्या भरात त्याने बैठकीतल्या कूलरची मोटर काढून तबकडीला बसवली. मे महिन्यात. वर्ध्याला.

रविवारी मामा, म्हणजे अण्णाजी, दुपारीच येऊन पांढरी टोपी सारखी करत बसले. संध्याकाळी लीना आली. जांभळी साडी, केसात मोगरा, सोबत निशांत आणि त्याच्या हातात पेढ्यांचा डबा. जिन्यातून ते पाहताना श्रीनिवासच्या मनात एकच आलं, की फिरत्या यंत्राजवळ साडीचा पदर धोक्याचा.

"मूळचे कुठले तुमी, बाई?" अण्णाजींनी सुरुवात केली.

"देवळीकडचे."

"सैपाक?"

"येते नं मामा. भाकरी जरा जाड होते."

"जाडच चांगली. पोटाले आधार राह्यते."

विमलाबाई खुशीत उठल्या आणि त्यांनी कूलरचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. "श्रीनिवासा, कूलरले काय झालं?"

"मोटर गच्चीवर आहे, आई. तबकडीत."

मग सगळी वरात पोह्यांच्या बश्या घेऊन गच्चीवर गेली. तिथे तबकडी म्हणून दोन पराती तोंडाला तोंड लावून बसवलेल्या होत्या. श्रीनिवासने बटण दाबलं. तबकडी गुरगुरली, थरथरली, आणि वर जायचं सोडून सरळ अण्णाजींकडे निघाली. अण्णाजींनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. खुर्चीला धडकून वरची परात सुटली, कठड्यावरून खरोखर उडाली आणि शेजारच्या टिनाच्या छपरावर जाऊन आदळली. पाठोपाठ डीपीवरचा फ्यूज उडाला. गल्लीभरचे कूलर बंद पडले आणि गल्लीभरची माणसं आपापल्या गच्चीवर आली.

"विमलाबाई," शेजारच्या मोहिनीताईंनी पलीकडून हाक दिली, "पाहुणे आले म्हणे? पोरगी पसंत पडली काय?"

तेव्हा कुठे श्रीनिवासच्या डोक्यात प्रकाश पडला. पडदे, पोहे, मामा, सैपाक. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रयोगाला म्हणून बोलावलं आणि बिचारीला दाखवायला बसवलं! आता तिची अब्रू आपणच वाचवली पाहिजे, असं ठरवून तो सगळ्या गच्च्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "गैरसमज झाला. मॅडम तशा कामासाठी आल्याच नाईत. त्या फक्त तबकडी पाह्याले आल्या. आमच्यात तसं काईच नाई."

लीनाने बशी कठड्यावर ठेवली.

"हो," ती म्हणाली. "तबकडीच पाह्याले आलती मी."

निशांतने पेढ्यांचा डबा उचलला, मग काय वाटलं कोण जाणे, परत ठेवला. दोघं जिना उतरून गेली.

विमलाबाई मुलाकडे बघतच राहिल्या. "श्रीनिवासा, तबकडी पाह्याले कोणी भावाले अन् पेढ्याले घेऊन येते काय रे?"

श्रीनिवास तसाच अनवाणी धावला. रस्ता अजून तापलेला होता, पाय भाजत होते, पण ते त्याला नंतर कळलं. लीना स्कूटीवर निशांतच्या मागे बसली होती. त्याला पाहून तिने भावाच्या खांद्यावर हात ठेवला. निशांतने गाडी थांबवून धरली आणि समजूतदारपणे दुसरीकडे पाहू लागला. लीना वाट बघत होती. श्रीनिवासच्या जिभेवर सगळं गोळा झालं होतं, काउंटर, मोगरा, नागपूर, सगळं.

"मॅडम," तो धापा टाकत म्हणाला, "मोटर... मोटर जराशी कमी पडली."

लीनाने भावाच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

"हो नं सर," ती म्हणाली. "थोडक्यात राह्यलं."