अ‍ॅनोटेशन मुलखाचा निवाडा आणि खारूताईची रजा

मंगळवारी तीन वाजता अ‍ॅनोटेशनांचा कुल मुलूख फुटपट्टीसाहेबांचे गळ्यात पडला आणि खारूताईंस चार दिवसांची रजा मिळाली, ही फत्ते प्रथमच नमूद केली. आता वाचणारांनी ती विसरावी, ऐसे काही घडलेच नाही ऐसे मनी धरावे, कारण त्या दिवशी सकाळी हे कोणास सांगितले असते तर तो खुर्चीवरोन पडोन हसला असता.

हकीकत ऐसी जे, तिसरे मजल्यावर एका थोर कंपनीचा जावा नामे संगणकी भाषेतला सर्व्हर नांदत होता, आणि प्रिंटरच्या अलीकडे वेब तुकडीचा अंमल, पलीकडे व्यवहार तुकडीचा, आणि प्रिंटर कागद खाई तो उभय पक्षांचा शत्रू. अ‍ॅनोटेशन म्हणजे प्रोग्रामाचे माथी लाविलेली चिठ्ठी. याणे दारी बसावे, याणे कोठार पाहावे, ऐसा हुकूम तीत असे, आणि सर्व्हर उठताच एक जुनी फाइल त्या चिठ्ठ्या वाचोन ज्याची त्यास चाकरी वाटोन देई. मग जावाची नवी आवृत्ती येई, चिठ्ठ्यांच्या नव्या जाती निपजत, फाइलीस त्या वाचता न येत, आणि सर्व्हर उठता उठता पुनः आडवा होई. तेव्हा फाइलीस शिकवावे कोणी, हा कज्जा तीन वर्षे चालला.

त्या मजल्याचा रिवाज ऐसा की, फाइलीस ज्याचा शेवटचा हात लागला, त्याची ती फाइल. सबब शहाणे लोक तीजपासोन चार हात दूर राहत. खारूताई, मेजाचे खणात शेंगदाणे साठवी म्हणोन हे नाव, व्यवहार तुकडीत नवी असता तिणे भोळेपणी त्या फाइलीतील एक रिकामी ओळ पुसली, आणि तेवढ्यावर सहा महिने तीस सुभेदारी प्राप्त जाहली, जीत उत्पन्न काही नाही आणि बोलणी रोज.

इतक्यात थोरल्या बहिणीचा फोन आला. डॉक्टरांनी बाळंतपणास गुरुवार सांगितला होता.

"तू येणार ना गं?" बहीण म्हणाली. "ह्यांना बाळ धरता येत नाही, कलिंगड धरल्यासारखं धरतात. आणि मागच्या वेळीपण तू कामावरच होतीस."

मागची वेळ म्हणजे भाचा. तो आता शाळेत जाई, आणि मावशी म्हणजे फोनमध्ये राहणारी बाई ऐसी त्याची पक्की खात्री होती.

खारूताईने रजेचा अर्ज हुजुरांकडे, म्हणजे मॅनेजरबाईंकडे, रुजू केला. फर्मान आले की, रजा मंजूर, परंतु फाइलीस दुसरा धनी मिळेतो मजला सोडू नये; उभय प्रमुखांस बसवोन जबाबदारी वाटोन घ्यावी.

मंगळवारी काचेच्या खोलीत मॅनेजरबाईंसमोर मसलत बसली. वेबचे फुटपट्टीसाहेब, ज्यांस वाकडी ओळ दिसली की घास उतरत नसे. आणि व्यवहाराचे उद्यासाहेब, ज्यांणी आजवर एकही काम नाकारले नाही आणि एकही केले नाही. फुटपट्टीसाहेब बोलिले की, निम्म्याहून अधिक चिठ्ठ्या व्यवहाराच्या, आमचा येविशी काय संबंध. उद्यासाहेबांनी बहुत रास्त म्हणोन मान डोलाविली आणि उद्या बघू म्हणाले. मग फुटपट्टीसाहेबांनी फळ्यावर तीन चौकोन काढिले, एक यांचा, एक त्यांचा, आणि तिसरा कोणाचा हे मॅनेजरबाईंनी पुसता सर्व मंडळी पाणी प्याली. ऐसे दोन तास गेले. खारूताईने जाणले की युक्तिवादाने हा गड येत नाही.

मग तिणे अदबीने विनंती केली की, फाइल एकवार सर्वांनी डोळ्यांनी पाहावी, आणि आपला लॅपटॉप भिंतीवरच्या पडद्यास जुळत नाही, सबब फुटपट्टीसाहेबांनीच आपला जोडावा. साहेबांनी जोडिला. आता, त्याच सकाळी खारूताईने फाइलीतील एक ओळ उजवीकडे एक जागा सारोन ठेविली होती. एकच जागा. दोन असत्या तर डाव उघडा पडता.

फुटपट्टीसाहेब बोलता बोलता थांबले. पुनः बोलू लागले, पुनः थांबले, कॉलर सैल केली, दृष्टी फळ्याकडे नेली ती आपसूक परत आली.

"ती ओळ कोणी..."

"कुठली, साहेब?" खारूताई म्हणाली, आणि शेंगदाणा सोलू लागली.

"काही नाही."

"राहू दे हो," उद्यासाहेब म्हणाले. "उद्या बघू."

हा घाव वर्मी बसला. ओळ उद्यापर्यंत तैशीच राहणार या विचारे साहेबांचा धीर सुटला, आणि त्यांणी कीबोर्ड ओढिला, ती जागा पुसली, आणि वीस वर्षांचे सवयीने फाइल जतन करोन सामाईक भांडारात रवानाही केली. पडद्यावर शेवटचा हात म्हणोन त्यांचे नाव उमटले.

"चला, झालं," मॅनेजरबाई म्हणाल्या.

तह तेथेच लिहिला की, चिठ्ठ्या ओळखणे व वाचणे फुटपट्टीसाहेबांकडे, वाचल्यावर आपापली चाकरी आपापल्या तुकडीने बजावावी, आणि उद्यासाहेबांच्या हिश्शाचे काम उद्या. खारूताई शाई वाळण्यापूर्वी जिना उतरली; शाई नव्हतीच, तरी उतरली. गुरुवारी दवाखान्यात बाळ तिच्या हाती आले, आणि भाचा तीस खालपासोन वरपर्यंत न्याहाळोन आईस म्हणाला, "ही फोनमधून बाहेर कशी आली?"

येणेप्रमाणे फत्ते दप्तरी दाखल. सोबत फुटपट्टीसाहेबांचा अर्ज जोडला आहे: शेवटच्या हाताचा रिवाज गेल्या मंगळवारी दोन वाजून एकोणसाठ मिनिटांपासोन रद्द समजावा, आणि तैसे न जमल्यास कोणा इच्छुकाने स्वहस्ते ती ओळ पूर्ववत वाकडी करोन द्यावी, ही नम्र विनंती.