चौतीस प्रश्नांचं बेट

बेट निवडण्यात माझ्याकडून चूक होणं शक्यच नव्हतं. सव्वीस वर्षं मी वर्तमानपत्राच्या कचेरीत दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरतो आहे. माझ्या टेबलावरून चुकीचं आडनाव, चुकीची तारीख किंवा चुकीचा मंत्री आजवर पुढे गेलेला नाही!

बायकोची अट एकच होती. डायव्हिंग शिकल्याला आम्हाला बारा वर्षं झाली, पण दर वेळी बोट, बोटीवर दहा अनोळखी माणसं आणि पाण्याखाली शाळेच्या सहलीसारखी रांग. "या वेळी फक्त आपण दोघं," ती म्हणाली. "किनाऱ्यावरून चालत पाण्यात उतरायचं, मनासारखं फिरायचं, चालत बाहेर यायचं. जमत नसेल तर सांग, मी बहिणीबरोबर जाते."

मी चौतीस प्रश्नांची यादी केली आणि तीन बेटांवर फोन लावले. पहिल्या बेटावरच्या हॉटेलवाल्याची रेंज सहाव्या प्रश्नाला सोयीस्करपणे गेली. दुसऱ्याने सगळ्याला "येऊन बघा" एवढंच उत्तर दिलं. तिसऱ्या बेटावर खोल्या भाड्याने देणाऱ्या बाई मात्र माझ्याच जातकुळीच्या निघाल्या. पाण्यापर्यंत पायऱ्या किती? एकसष्ट. कठडा? मध्येच संपतो. खडक निसरडे? डावीकडचे. दम लागला तर बसायला जागा आहे? ऑक्सिजन? डॉक्टर किती मिनिटांत येतो? बाहेर येणं जमलंच नाही तर दुसरीकडून काढता येईल का? प्रत्येक उत्तरागणिक त्यांचा आवाज मऊ होत गेला. शेवटी म्हणाल्या, काळजी करू नका, आम्ही सगळं करू. मी बेट पक्कं केलं. पत्रकाराने स्वतःबद्दल बोलायचं नसतं, त्यामुळे माझ्याबद्दल मी अवाक्षर काढलं नव्हतं.

टॅक्सी थांबली तेव्हा दारात दहा-बारा माणसं उभी होती. त्यांत एक नर्स, बाईंचे दोन धट्टेकट्टे पुतणे आणि त्या दोघांच्या मध्ये वल्ही बांधून पालखीसारखी केलेली खुर्ची. बाई मला ओलांडून पुढे गेल्या आणि टॅक्सीत डोकावल्या.

"आजोबा कुठे आहेत?"

"कुठले आजोबा?"

"ज्यांना डोळे मिटायच्या आधी एकदा समुद्रात उतरायचंय, ते."

मी घसा खाकरला. "ते प्रश्न माझ्यासाठी होते."

बाईंनी मला नखशिखांत न्याहाळलं. "धडधाकट माणूस असून एवढं विचारलंत?"

बायको टॅक्सीचं दार धरून हसत होती, पण फार वेळ नाही. आजोबा नसले तरी तयारी वाया घालवायची नाही, असं बेटाने ठरवलं. पुतणे आमच्याबरोबर पाण्यात उतरणार, नर्स काठावर बसणार आणि बाकीचे बघायला येणार.

"यापेक्षा बोट बरी होती," बायको माझ्या कानात म्हणाली. तिचा चेहरा पडला होता.

तेवढ्यात खिडकीतून बाईंच्या ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाई बोलल्या. "खुर्ची रिकामीच आहे ना? मग मला न्या. नऊ वर्षं समुद्र इथूनच बघतेय."

मिरवणूक निघाली. खाली पोचेपर्यंत नर्स, पुतणे, सगळा लवाजमा आजींच्या दिमतीला लागला. त्यांनी पाण्यात पाय सोडले आणि अशा खिदळल्या, की अख्खं बेट त्यांच्याभोवती गोळा झालं. आमच्याकडे कोणी ढुंकूनही बघेना. आम्ही सिलिंडर चढवले, एकमेकांचे पट्टे तपासले आणि गुपचूप बुडी मारली.

दोघंच! वर निळं, खाली निळं, मध्ये बायको. एका कासवाने आम्हाला पाहिलं आणि कंटाळून ते निघून गेलं. मी होकायंत्र धरून, पायाचा प्रत्येक फटका मोजत पुढे चाललो होतो. पंचवीस मिनिटांनी मागे वळून खूण केली, की आता बाईंनी सांगितलेला मोठा खडक येणार. पुढे वळलो तर समोर दोन सुरकुतलेले पाय. बोटं मजेत हलत होती.

मी डोकं वर काढलं. आजी वाकून बघत होत्या.

"वाट चुकलास का रे बाळा?"

मी म्हणालो, छे, मुद्दाम तुम्हाला भेटायला आलो.

मागून बायको वर आली. हसून हसून तिच्या मास्कमध्ये पाणी शिरलं होतं. ते तिने काढून टाकलं, माझ्या मनगटावरचं होकायंत्र सोडवून स्वतःच्या मनगटावर बांधलं आणि विचारलं, "हवा किती उरलीये?"

"अर्ध्याहून जास्त."

"मग चल. आता मी पुढे."

आठ मिनिटांत मोठा खडक समोर उभा. आणि तिने काही मोजलंबिजलं नव्हतं.