सँडविच कोर्सचा कौल

बाबल्या, ती सायकल टेकव भिंतीला आणि ऐक आधी. नाही, चहा नंतर. मध्ये बोलायचं नाही. देवळातून थेट तुझ्याकडे आलोय, आणि हे आत्ता बाहेर पडलं नाही तर माझं डोकं फुटेल.

आमच्या आप्पांचा मिरजोळ्यातला कारखाना तुला ठाऊक आहे. आंब्याचा रस काढायचा, डब्यात भरायचा, डबा बंद करायचा. मी तिथं टायपिस्ट, कारकून आणि ट्रंक कॉल लागला की ओरडणारा. तर फेब्रुवारीत घाटावरच्या एका कॉलेजचं पत्र आलं. मीच वाचून दाखवलं. त्यांचा म्हणे सँडविच कोर्स आहे. सहा महिने वर्गात शिकायचं, सहा महिने कारखान्यात काम करायचं, परत वर्गात. मधल्या सहा महिन्यांसाठी कारखानदारांनी मुलं घ्यावीत. मालकानं मुलाखत घेऊन निवडायचं, महिन्याला थोडं विद्यावेतन द्यायचं, शेवटी कामाचा अहवाल लिहायचा. तो अहवाल नसेल तर मुलाचं वर्ष फुकट.

आप्पा खुर्चीतून उठलेच. "म्हणजे शिकलेला माणूस सहा महिने आपल्याकडे? आणि पटला तर पुढं कायमचा?"

"असंच लिहिलंय."

"मग हो म्हणून लिही. बघतोस काय मेल्या, कागद घाल मशीनमध्ये!"

एप्रिलच्या एका सोमवारी सकाळी कॉलेजचे करंबेळकर सर दोन विद्यार्थ्यांना घेऊन हजर. बारीक चण, हातात ब्रीफकेस, आणि दर पाच मिनिटांनी घड्याळ. जागा आमच्याकडे एकच. आप्पांनी एक निवडायचा, उरलेला मुंबईच्या बिस्किट कारखान्यात जायचा. सरांची एसटी चारची. तिच्या आत फॉर्मवर नाव हवं.

एक होता शिवा. आत देवरुखाकडच्या खेड्यातला, काटक पोरगा. दुसरी दमयंती, गुहागरची. दोन वेण्या, चष्मा, आणि पिशवीत स्वतःचा थर्मामीटर. आप्पांनी मुलाखत घेतली. मुलाखत म्हणजे काय, दोघांच्या हातात एकेक आंबा दिला आणि म्हणाले, "वास घ्या. किती दिवसांत पिकेल?"

शिवा म्हणाला, "चार."

दमयंती म्हणाली, "चार. पण अढीत घातला तर तीन."

आप्पांनी बॉयलर दाखवून त्याचा दाब विचारला. दोघांनी बरोबर सांगितलं. डबा का फुगतो ते विचारलं. दोघांनी बरोबर सांगितलं. आप्पांना घाम फुटला रे! एक जरी चुकला असता तरी माणसाला सुटायला वाट. शेवटी आप्पा म्हणाले, "कौल लावू."

करंबेळकर सर म्हणाले, "म्हणजे कसली परीक्षा?"

आता तुला काय सांगायचं, पण सरांना सांगावं लागलं. आप्पा देवाला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. बॉयलर कौलावर घेतला. डब्यावरचा आंबा पिवळा रंगवायचा की केशरी, तेही देवानं सांगितलं. गुरव ओल्या पाकळ्या देवाच्या पाषाणावर उजवीकडे नि डावीकडे चिकटवतो, प्रश्न घालतो, आणि ज्या बाजूची पाकळी आधी पडेल तो देवाचा शब्द.

सर म्हणाले, "आमच्या परिपत्रकात हे बसत नाही."

"नको म्हणून लिहिलंय का?" आप्पांनी विचारलं.

सरांनी खरंच ब्रीफकेस उघडून परिपत्रक बघितलं. नको म्हणून कुठं लिहिलेलं नव्हतं.

झालं! कारखान्याचा टेम्पो काढला. पुढं आप्पा आणि सर, मागं रिकाम्या डब्यांच्या खोक्यांत मी आणि ते दोघं. आप्पांच्या गावच्या देवळात पोचायला बारा वाजले, आणि महिपत गुरव देवळात नाही. काजू झोडायला गेलेला. त्याला शोधून, आंघोळ घालून आणेपर्यंत एक. मग त्यानं गाऱ्हाणं घातलं, डोळे मिटून, खणखणीत आवाजात.

"बा देवा म्हाराजा, हा तुझा आप्पा आज सँडविच कोर्साचा प्रश्न घेऊन तुझ्या पायरीशी उभा हाय!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"त्याचा कारखाना वाढंव, डबे फुगू देव नको! पोरगी ठेवायची असंल तर उजवा दे, पोरगा ठेवायचा असंल तर डावा दे, आणि जो काय शासनाचा फॉर्म हाय तो येळेत भरून घे!"

"व्हय म्हाराजा!" ह्या वेळी सरही म्हणाले. फॉर्मचा विषय होता ना.

आणि पाकळ्या काही पडेनात. दीड वाजला, दोन वाजले. गाव जमलं. आमच्याकडे आंबे सोलायला येणारी सखू तिथलीच, ती तर पहिल्या रांगेत. सर सभामंडपात येरझारा घालतायत, आप्पा हात जोडून एका पायावरून दुसऱ्या पायावर. गुरव म्हणाला, "कायतरी राहिलंय. नवस बिवस?"

आप्पांना आठवलं. बॉयलर बसवताना पाच नारळ बोलले होते, दिलेच नाहीत. लगेच टेम्पो नारळ आणायला पिटाळला. टेम्पो गेला, आणि सरांच्या लक्षात आलं की आपणही आता इथं अडकलो.

मी बाहेर पारावर गेलो तर दमयंती रडकुंडीला आलेली. मी म्हटलं, "अगं, एवढं काय? इथं नाही तर मुंबई."

"मुंबईला बाबा सोडणार नाहीत हो. इथं कारखान्याजवळ मांडवीला माझी आत्या राहते, तिच्याकडे राहून काम करायचं असेल तरच कर, असं बजावलंय त्यांनी. इथं नाही झालं तर मी घरी. वर्ष गेलंच, पुढं शिक्षणही नाही."

तेवढ्यात शिवा जवळ सरकला. "दादा, मला तर मुंबईच हवीय. बाबा गिरणीत आहेत. गणपतीचे पंधरा दिवस सोडले तर मी त्यांना बघितलेलं नाही. सहा महिने त्यांच्या खोलीवर राहायला मिळेल."

बाबल्या, ऐकलंस? म्हणजे तिला हे हवं, त्याला ते हवं, भांडण कुठंच नाही! आणि आम्ही अख्खं गाव गोळा करून देवाला वेठीस धरलंय! मी सरांकडे धावलो.

सर म्हणाले, "कलम सात. निवड मालकाची. विद्यार्थ्यांची पसंती विचारात घ्यायची नाही."

आप्पांकडे धावलो. ते म्हणाले, "आता? देवाला प्रश्न घातल्यावर? तू साहेबाला अर्ज देतोस आणि तो वाचत असताना काढून घेतोस का रे हातातून?"

पावणेतीनला नारळ आले. फोडले. खोबरं वाटलं. पाकळ्या आपल्या जागच्या जागी. सव्वातीनला सरांनी ब्रीफकेस बंद केली. "मी लिहितो, मालकांना निर्णय घेता आला नाही. जागा रद्द. मग मुंबईला मार्क जास्त असलेला जाईल."

"मार्क कुणाचे जास्त?" मी विचारलं.

"दमयंतीचे."

घे! म्हणजे ती मुंबईच्या नावानं गुहागरला, आणि शिवा कुठंच नाही. सर तरातरा टेम्पोकडे निघाले. आप्पा त्यांच्या मागं, "अहो सर, शहाळं तरी घ्या!" आणि गाव आप्पांच्या मागं. गाभाऱ्याशी उरलो मी आणि गुरव. मी बघितलं, तर डावी पाकळी वरून सुटलेली, टोकावर लोंबतेय. आता पडते की मग पडते. उजवी अशी बसलेली जशी डिंकानं चिकटवलीय.

गुरवानं माझ्याकडे बघितलं. बाहेर पोरीकडे बघितलं. "मी पान खाऊन येतो," म्हणाला. "वारा लय सुटलाय हां आज."

बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं रे!

तो गेला. मी उंबऱ्यावर वाकलो, उजव्या पाकळीवर हळूच फुंकर घातली. काही नाही. जरा जोरात. काही नाही. बाहेर टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला आणि मी छाती भरून अशी फुंकर घातली की समई विझली! काळोख. काडेपेटी सापडेना, सापडली तर काडी पेटेना. समई पेटवून बघतो, तर उजवी पाकळी खाली आणि डावी अजून लोंबतेय. मी घंटा बडवली. सगळे धावत आले.

आप्पांनी लोटांगण घातलं. सखू मात्र नाक उडवून म्हणाली, "समईची वात अशी काळी कशी?"

गुरव पान चघळत म्हणाला, "देव हलला की वारा येतोच."

टेम्पो असा हाणला की मागं आम्ही तिघं डब्यांबरोबर डब्यांसारखेच वाजत होतो. एसटी सुटता सुटता गाठली. सरांनी खिडकीतून फॉर्म भरला. 'निवडीचा निकष' ह्या रकान्यावर पेन थबकलं. मग त्यांनी लिहिलं, 'सखोल विचारविनिमय.'

इथं संपलं असतं तर मी तुझी सायकल कशाला अडवली असती? दमयंती कामाला लागली. पहिल्याच आठवड्यात तिनं भिंतीवर घड्याळ लावलं, बॉयलरला वही लावली, आणि बायकांना टोप्या लावल्या. डोक्याला पांढऱ्या टोप्या! वेण्या आत. साबणानं हात. आप्पा कढईत बोट घालून रस चाखायचे ना? तिनं त्यांच्या हातात चमचा दिला. मग एक दिवस तिनं कढईतल्या रसाचा अख्खा घाणा थांबवला, डबे नीट बंद होत नाहीत म्हणाली. आप्पा लालबुंद झाले, पण ती ऐकेना. मशीन उघडलं तर खरंच एक चाक झिजलेलं! तो माल तसाच गेला असता तर मुंबईच्या गोदामात फटाक्यांसारखा फुटला असता. तेव्हापासून आप्पा तिला विचारल्याशिवाय बॉयलरला हात लावत नाहीत.

पण सखूला टोपी सहन होईना. "माज्या डोक्याला उकाडा होतो! नवऱ्यानं कदी टोपी घातली नाय, ती ही कालची पोर घालतेय!" आणि तिनं काढलं ते हत्यार. "त्या दिवशी समई इझली होती. इझल्या समईचा कौल धरायचा नसतो. परत लावा!"

बायकांनी सुऱ्या खाली ठेवल्या. मे महिना, आंब्याचा डोंगर आवारात, पिकून फुटायला लागलेला, माशा घोंगावतायत, आणि एकही बाई सोलायला बसेना. आप्पांना मान हलवावी लागली. सोमवारी परत कौल. उजवा आला तर पोरगी राहील, डावा आला तर तिला परत पाठवायची. म्हणजे अर्ध्यावरून! अहवाल नाही, वर्ष नाही, काही नाही. दमयंती बॉयलरशी उभी होती. वहीत फक्त वेळ लिहिली. अक्षर वाकडं आलेलं मला दिसलं.

आणि काल संध्याकाळी आप्पा माझ्या टेबलाशी आले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"सद्या, उद्या तू गाभाऱ्याशी थांबायचं."

"मी? कशाला?"

"त्या दिवशी थांबला होतास ना? तसाच. आणि ह्या वेळी समईपासून जरा लांबून."

बाबल्या, म्हणजे आप्पांना पहिल्यापासून ठाऊक! मी विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मला कशाला कोण सांगायला हवं? तुझ्या गालाला काजळी होती मेल्या."

तर आज सकाळी परत तेच देऊळ. सखू आणि तिच्या बायका समोर टक लावून, डोळ्याचं पातं न लववता. गुरवानं पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, समई लांब सरकवली. मग म्हणाला, "कौलाला येळ लागंल. परसाद घ्या बाहेर, फणस कापलाय." फणसाचं नाव काढल्यावर कोण थांबतंय? सखूसुद्धा गेली. जाताना आप्पा खोकले. गुरव पान खायला गेला.

मी वाकलो. छाती भरून घेतली. गाल फुगवले. आणि तेवढ्यात, देवाशपथ सांगतो बाबल्या, आईशपथ सांगतो, माझ्या तोंडातून हवा बाहेर पडायच्या आधी, उजवी पाकळी पडली. आपली आपण. टपकन.

मी तसाच उभा, गाल फुगलेले. श्वास सोडायचंसुद्धा सुचेना.

घंटा वाजवली. सगळे आले. समई जळतेय, उजवा कौल समोर. सखूनं कानाला हात लावले आणि तिथल्या तिथं कमरेला खोचलेली टोपी काढून डोक्यावर चढवली. दमयंतीनं चष्मा पुसला. गुरवानं माझ्याकडे बघून डोळा मारला. आणि आप्पा, अरे, आप्पा माझ्याजवळ आले, पाठीवर थाप मारली आणि कानात म्हणाले, "शाब्बास. ह्या खेपेला सफाईनं जमलं. पुढच्या महिन्यात नवं मशीन घ्यायचं की नाही, तो कौल आहे. मोकळा राहा."

मी सांगायला तोंड उघडलं, की आप्पा, आज मी फुंकलंच नाही हो, आज खरोखरचा आला! पण ते मागच्या वेळचं कबूल केल्याशिवाय हे कसं सांगणार? आणि सांगितलं तरी आप्पा आणि गुरव, ह्या दोघांपैकी विश्वास कोण ठेवणार? आणि बाहेर फणस खाणारे सगळे तर देवानंच दिला म्हणून हात जोडतायत, त्यांचं तर बरोबरच आहे! म्हणून मी तसाच पळत सुटलो, तो तुझ्याकडे.

आता बोल. माझ्या जागी तू असतास, तोंडात तो श्वास तसाच कोंडलेला आणि खांद्यावर आप्पांचा हात, तर तू काय केलं असतंस?