रोहित-दर्शनाची शंभर टक्के हमी

निसर्गाचा मूळ दोष असा की तो वेळेवर हजर राहत नाही. नवी मुंबईने यावर आपल्या परीने उपाय केलेला आहे. चौकाचौकांत लोखंडी फ्लेमिंगो उभे आहेत आणि ते ऊन असो, पाऊस असो, जागचे हलत नाहीत. खाडीतले फ्लेमिंगो मात्र अजून बेशिस्तच. मनात आलं तर येतात, नाही तर रजेचा अर्जही न टाकता गायब.

या बेशिस्तीचा सगळा भार खाडी दर्शन केंद्रातल्या सुनयना ओव्हाळवर पडे. ती बोटीवरची गाईड. करंजाड्याला आई विमलबाईंबरोबर राहायची, भरतीची वेळ बघून घर सोडायची आणि आलेल्या मंडळींना खाडी दाखवायची. तिच्यात एक गंभीर व्यावसायिक दोष होता. पक्षी नसले की ती सरळ "आज नाहीत" म्हणून सांगायची. वर त्या मंडळींना चिखल, खेकडे आणि खारफुटीची मुळं दाखवायची, आणि पक्षी येतात ते याच चिखलासाठी, हे रंगवून सांगायची. काही जण ऐकत. बाकीचे अभिप्राय लिहीत : 'चिखल आमच्या सोसायटीसमोरही आहे.'

केंद्राचे व्यवस्थापक आशुतोष साहेब हे हळव्या मनाचे गृहस्थ. (असे अभिप्राय वाचले की त्यांना रात्री झोप लागत नसे; दुपारी लागे.) त्यांनी समिती नेमली, समितीने अभ्यास केला आणि केंद्रात रोबोट आला. कंबरेएवढा, गुलाबी, पोटावर पडदा, खाली चाकं. फ्लेमिंगोला मराठीत रोहित म्हणतात, म्हणून त्याचं नाव रोहित ठेवलं. आवाज मात्र सुनयनाचा घ्यायचं ठरलं. नाव पुरुषाचं आणि आवाज बाईचा, ही विसंगती समितीच्या नजरेतून सुटली नाही. समितीने तिला 'सर्वसमावेशकता' म्हटलं आणि चहा मागवला.

"मॅडम, तुमचा आवाज अमर होतोय," साहेब म्हणाले.

"आणि मी, सर?"

"तुम्ही त्याला बोटीत चढवायचं. त्याला पायऱ्या जमत नाहीत."

एका बंद खोलीत सुनयनाकडून वाक्यं म्हणवून घेतली गेली. "तो बघा, उजवीकडे थवा!" हे तिने साहेबांच्या सूचनेनुसार अत्यानंदाने म्हटलं. 'डावीकडे'ची पाळी येणार, तेवढ्यात रेकॉर्डिंगवाल्याला घरून फोन आला आणि ते राहिलं ते राहिलंच. त्या दिवसापासून नवी मुंबईच्या खाडीत पक्षी उजवीकडेच असतात.

यश तर दृष्ट लागण्यासारखं आलं. रोहित-दर्शनाचं प्रमाण शंभर टक्क्यांवर गेलं. (लोक रोहित बघायला येत आणि रोहित समोरच उभा असे.) खाडी रिकामी असली तरी तो "तो बघा!" म्हणून ओरडे, पोटावरच्या पडद्यावर थवा उडे आणि पर्यटक त्या पोटाला पाठ करून सेल्फी काढत.

"पोरी, यो डबा रोज थवा दावतंय," बोट चालवणारे पोपट नाखवा म्हणाले. "माज्या आज्याला बी येवरं पाखरू कदी दिसला नाय."

सुनयनाला आधी आपला आवाज ऐकून बरं वाटलं होतं. मग उघड्याबोडक्या पाण्याकडे बघून तोच आवाज आनंदाने किंचाळायला लागला की ती तोंड फिरवू लागली. करंजाड्याच्या भाजीबाजारात एक बाई तिला म्हणाली, "अय्या, तुमी सेम त्या रोबोटसारख्या बोलता!" सुनयना कोथिंबीर न घेताच घरी आली.

एका रविवारी विमलबाई विहारातल्या महिला मंडळाला घेऊन बोटीवर आल्या. मुलीचं काम बघायची त्यांची फार दिवसांची इच्छा. आणि त्या दिवशी, काय मनात आलं कोण जाणे, पक्षी आले. हातभर अंतरावर यावेत तसे आले, अख्खी डावी बाजू गुलाबी करून बसले.

"तो बघा, उजवीकडे थवा!" रोहित ओरडला. सगळी बोट उजवीकडे वळली.

"आई, डावीकडे! खरे आहेत, इकडे बघ!" सुनयना ओरडली.

"ओ मॅडम, फ्रेममध्ये येताय, जरा बाजूला व्हा ना," उलव्याचे सुधीर म्हणून एक गृहस्थ होते, ते म्हणाले. "मशीन काय खोटं बोलणार?"

रोहितचा आवाज वाढला. सुनयनाचा बसला. पक्षी उठले आणि गेले.

घरी ताट वाढताना विमलबाई म्हणाल्या, "दोन्हीकडून तूच वरडत होतीस बाई. मी कुणाचं ऐकू? मोठा आवाज कुठला, तिकडं बघितलं."

"मग दिसले?"

"दिसले की. टीव्हीत दिसतात तसेच. छान होते."



दुसऱ्या दिवशी सुधीररावांच्या तक्रारीची सुनावणी झाली.

"तुम्ही पर्यटकांची दिशाभूल केलीत," साहेब दुःखाने म्हणाले.

"सर, पक्षी डावीकडे होते."

"असतील. पण कार्यक्रमात नव्हते."

"मग माझा आवाज मला परत द्या."

साहेब विचारात पडले. तिची मागणी त्यांना भावनिकदृष्ट्या पटत होती. "तो आता केंद्राचा आहे," ते म्हणाले. "तेव्हा तुम्हीच जरा कमी वापरा." त्याच दिवशी सुनयनाला 'मौन सहायक' हे पद मिळालं. (या पदावर बढतीची सोय नाही, कारण ती मागता येत नाही.)

पुढे लोकांच्या लक्षात आलं, की पक्षी रोहितच्या पोटावर येतात तर आपल्या फोनवरही येऊ शकतात. केंद्राने तत्परतेने 'घरबसल्या फेरी' सुरू केली. त्यानंतर फोन बघायलाही वेळ मिळेना, तेव्हा फोन स्वतःच फेरी बघून मालकाच्या वतीने पाच तारे देऊ लागले. कागदोपत्री बोटी अगदी भरून जाऊ लागल्या. प्रत्यक्षात त्यात नाखवा, सुनयना आणि रोहित एवढेच असत.

अशाच एका फेरीत सुनयनाला डावीकडे पाण्यावर गुलाबी रेघ दिसली. रोहितने तोंड उघडलं. तिने त्याच्या मानेमागचं बटण दाबलं आणि तो मुकाट झाला.

ती नाखव्यांकडे वळली. मग म्हणाली, "नाखवा, सांगू?"

नाखव्यांनी इंजिन बंद केलं. "सांग पोरी. मी जल्मभर बगतंय, पन कोनी सांगला नाय कदी."

आणि तिने सांगितलं. चिखलातलं शेवाळ, त्यातून पिसांना चढणारा रंग, उलटी मान करून चिखल गाळणारी चोच, सगळं. आवाज सुरुवातीला घोगरा आला, मग सुटला. नाखवा मध्येच म्हणाले, "आयला, उलटी मान करतान, ह्ये मी बगलाच नवता!" आणि दोघंही हसले. ओहोटी लागून बोट रुतायची वेळ आली, तेव्हा कुठे ती थांबली.

रोहित उरलेल्या फेरीभर बंद होता. केंद्रात कुणाला ते कळलं नाही. सगळ्या फोनांनी पाच तारे दिले आणि साहेबांना त्या दुपारी फार शांत झोप लागली.

वाचकांना हा प्रकार अतिशयोक्तीचा वाटला असेल, तर त्यांच्याबद्दल आम्हाला आदरच आहे. फक्त हा मजकूर त्यांनी स्वतः वाचला, की फोनला "थोडक्यात काय ते सांग" म्हणाले, एवढं एकदा आठवून बघावं. फोनला कथा आवडली आहे. त्याने तसं आम्हाला कळवलंही आहे, तुमच्या नावाने.