ग्रिशाची घंटा

पाहुण्यांना खूश ठेवणं हा आपल्या डाव्या हाताचा मळ, असं मेंगिया साऱ्या गावाला सांगत असे. गाव ते केवढं? आल्प्सच्या कुशीत चाळीस घरं, एक चर्च आणि माणसांहून जास्त गाई! त्यात मेंगियाचं चार खोल्यांचं पाहुणेघर.

हॅम्बुर्गचे पेटरसनसाहेब तिसऱ्या दिवशी नाश्त्याला आले ते लालभडक डोळ्यांनीच. "बाई, खिडकीखालच्या गाईचा आवाज जरा कमी करता येईल?"

जणू गाय म्हणजे रेडिओच!

"त्यात काय एवढं!" मेंगिया म्हणाली. नवरा, गिएरी, चीज करायला गेल्याची खात्री करून तिनं त्या गाईच्या, ग्रिशाच्या, गळ्यातली घंटा सोडवली. पेटरसन दुपारभर झकास घोरले.

तीन वाजता धुकं उतरलं. इतकं दाट, की आपलाच हात परका वाटावा! ग्रिशा दिसेना, आणि आता ऐकूही येईना. कुरणाच्या टोकाला सरळ दरी.

तेवढ्यात गिएरी परतला. "ग्रिशा कुठाय?"

"कुरणात."

"मग घंटा का वाजत नाही?"

"ती... ओट्यावर आहे."

"धन्य आहेस! उद्या गाईंच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढे कोण चालणार? तू?" त्यानं घंटा स्वतःच्याच गळ्यात अडकवली आणि हंबरत धुक्यात घुसला.

मेंगिया दरीच्या बाजूनं चाचपडत निघाली. हाताला काहीतरी उबदार, लोकरी लागलं. तिनं मिठीच मारली. "सापडलीस गं माझी राणी!"

"बाई, मी पेटरसन," राणी म्हणाली. "घंटा पुन्हा सुरू झाली म्हणून बघायला आलो."

मेंगियाला रडूच फुटलं. सगळं ऐकून पेटरसनचा चेहरा पडला. "माझ्या झोपेपायी गाय गेली?" आणि तेही "ग्रिशाऽऽ!" करून ओरडू लागले.

"कोण केकाटतंय?" धुक्यातून शेजारीण बार्ला कडाडली. "तुमची गाय दुपारपासून माझ्या कोबीत आहे! अर्धा वाफा फस्त केलाय!"

दुसऱ्याच्या कोबीचं वाटोळं झाल्याचा एवढा आनंद मेंगियाला जन्मात झाला नव्हता!

घंटा जवळ आली. धुक्यातून गिएरी प्रकटला, छाती फुगवून. मागे गाईंची रांग! "बघ, कशा आल्या!"

मेंगियानं मोजल्या. चौदा. त्यांच्या गोठ्यात ग्रिशा धरून सहाच गाई होत्या.

तिच्या खिशातला फोन वाजला. "अहो, पलीकडच्या गावातून बोलतोय," कुणीतरी रडकुंडीला आलं होतं. "आमच्या गाई दिसल्या का हो?"

मेंगियानं फोन हळूच नवऱ्याच्या हातात दिला. "तुझ्यासाठी आहे," म्हणाली, आणि चुलीवरचं सूप बघायला लगबगीनं घरी गेली.